लेकीला शिकवायचंय, बाबांना प्रमाणपत्र हवंय

प्रश्न : मी बार्शीहून लिहितोय. माझी मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय गणित. बारावीला ८१ टक्के होते, कॉलेजातही पहिल्या पाचांत असते. तिला हायस्कूलमध्ये गणिताची शिक्षिका व्हायचं आहे. शिक्षक भरतीचा काही भरवसा नाही, आणि इतकं चांगलं गणित असलेली मुलगी शाळेत वर्षानुवर्षं तेच तेच शिकवत बसली तर तिच्या हुशारीचं चीज होणार नाही, असं आम्हाला वाटतं. तरीही मी तिला संधी दिली आहे. हा उन्हाळा तुझा. शिकवून दाखव. मुलांचे मार्क वाढले, चार लोकांनी नाव काढलं, तर बी.एड.चं बघू, नाहीतर डेटा सायन्सचा कोर्स आणि बँकेच्या परीक्षा. सोलापुरात ओळखीचा मोठा क्लास आहे. दहावीच्या व्हेकेशन बॅचला ते तिला घ्यायला तयार आहेत. ८० मुलांची बॅच आहे, अनुभवाचं प्रमाणपत्रही देणार आहेत. तिला मात्र गावातल्या शाळेतली मुलं शिकवायची आहेत. कुठलं प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडेल? हल्ली ती या विषयावर घरात काही बोलत नाही. — एक पालक

उत्तर : नमस्कार. प्रमाणपत्राबद्दल पुढे सांगते. त्याआधी तुम्ही घातलेल्या अटीबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात मला काळजी वाटली ती त्या अटीचीच. मार्कांची नाही, भरतीची तर नाहीच.

तुम्ही तिला संधी दिली असं लिहिता. पत्र पुन्हा वाचून बघा. वीस वर्षांच्या मुलीला तुम्ही एक परीक्षा दिली आहे. तिचा अभ्यासक्रम ठरलेला नाही, निकाल लावणारे तुम्हीच, आणि नापास झाली तर आयुष्याची दिशा बदलायची. ही अट पुरी करणं तिच्या हातात तरी आहे का? मे महिन्यात शाळा बंद असतात. शाळेची कुठलीही परीक्षा त्या काळात होत नाही. मग वाढणारे मार्क येणार कुठून? क्लासने स्वतः काढलेल्या चाचणीतून. ती चाचणी कशावर आहे हे शिकवणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. तेवढीच गणितं चार वेळा घोटून घेतली की मार्क वाढतात आणि पंधरा दिवसांत उतरतातही. त्यावरून तुमची मुलगी चांगली शिक्षिका होईल की नाही, हे कोणालाही सांगता येणार नाही.

यात आणखी एक नुकसान आहे. यश दाखवायचं ओझं घेऊन नवखा माणूस वर्गात उभा राहिला की त्याच्याकडून तीन गोष्टी हटकून होतात. पटकन उत्तर देणाऱ्या तीन-चार मुलांकडे बघूनच तो शिकवतो. मूल अडखळलं की खडू स्वतः घेऊन गणित सोडवून टाकतो. आणि ज्या प्रश्नाला चुकीचं उत्तर येईल अशी भीती वाटते, तो प्रश्न विचारतच नाही. शिकवणं शिकायचं असतं ते मात्र त्या चुकीच्या उत्तरांमधूनच. बी.एड.च्या दोन वर्षांत २० आठवडे शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवासाठी राखून ठेवलेले असतात, तेही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. प्रशिक्षण घेणाऱ्यांनासुद्धा एवढा वेळ लागतो, हे नियम करणाऱ्यांनी धरलेलं आहे. तुम्ही तिला पाच-सहा आठवडे दिलेत, सोबत कोणी नाही, आणि वर निकालाची टांगती तलवार. ती गप्प झाली आहे याचं मला नवल वाटत नाही. बोलायला गेलं की तो पुरावा होणार, हे तिला कळलेलं आहे. म्हणून अट आधी मागे घ्या, आणि ती मागे घेतली आहे हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. ‘बघू’ म्हणू नका.

हुशारीचं चीज होणार नाही, हे तुमचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो? अपूर्णांकाने भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून का गुणायचा? हे दोन प्रश्न चांगल्या पदवीधरांना विचारून बघा. नियम सगळे सांगतील. तेरा वर्षांच्या मुलाला पटेल असं कारण फार थोडे सांगतील. शाळेचं गणित सोपं असतं ते ज्याला आधीच आलेलं असतं त्याला. ‘असर’ या प्रथम संस्थेच्या शैक्षणिक पाहणीत २०२३ साली २८ जिल्ह्यांमधल्या ग्रामीण भागातली १४ ते १८ वयाची मुलंमुली तपासली गेली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने बरोबर भागणारे त्यांत जेमतेम ४३ टक्के निघाले. ही मुलं नववी-दहावीच्या वर्गात बसून वर्गसमीकरणं उतरवून घेत असतात. त्यांच्यासमोर उभं राहायला हुशार माणूस लागतो, आणि तुमच्या घरातल्या हुशार मुलीला ते काम स्वतःहून करायचं आहे.

आता ८० मुलांच्या बॅचबद्दल. वर्ग जितका मोठा तितका अनुभव मोठा, हा समज फार पक्का रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. व्हेकेशन बॅचमध्ये महिन्याभरात बीजगणिताची तीन-चार प्रकरणं उरकायची असतात. गणितं ठरलेली, नोट्स छापलेल्या, फळ्यावर काय लिहायचं तेही बहुतेक ठरलेलं. ८० मुलांपैकी प्रत्येकाच्या वहीत दीड तासात एक मिनिट डोकावायचं म्हटलं तरी शिकवायला दहाच मिनिटं उरतात. त्यामुळे कोणाला काय कळलं नाही, हे शिकवणाऱ्याला कळतच नाही. विद्यार्थिनी म्हणून गेलेल्या नवख्या मुलीला तर बहुधा शंका निरसनाच्या टेबलावर बसवतात, आणि तिथे येतात ती ज्यांना शंका काढता येते अशी मुलं. जी पूर्ण हरवलेली आहेत ती जागची उठतच नाहीत. महिनाभरात आवाज खुलेल, फळ्यावरचं अक्षर सुधारेल, धीटपणा येईल. हे फायदे खरे आहेत, पण शिकवण्यातला हा वरवरचा भाग झाला, आणि तो पुढे केव्हाही येतो. आठ मुलांसमोर एका मुलाची एक चूक मुळापर्यंत शोधून काढायची सवय मात्र सुरुवातीला लागली नाही तर पुढे लागणं कठीण असतं. तुमच्या मुलीने गावातली शाळा निवडली आहे. तिची निवड बरोबर आहे.

प्रमाणपत्राचं उत्तर छोटं आहे. बी.एड.चा प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतो. पवित्र पोर्टलवरची, म्हणजे राज्यातल्या शिक्षकांची, भरती अभियोग्यता चाचणीच्या, म्हणजे टीएआयटीच्या, २०० पैकी गुणांवर चालते. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो, केंद्रीय विद्यालयासाठी केंद्राची पात्रता परीक्षा, सीटीईटी, आणि कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं तर एमएस्सी आणि बी.एड. दोन्ही. यांतल्या एकाही गुणवत्ता यादीत उन्हाळी अनुभवाच्या कागदाला गुण नाहीत. खाजगी शाळांच्या मुलाखतीत तो कागद एकदा बघतात आणि मग सांगतात, आता पाठ घेऊन दाखवा.

इथून पुढचा मजकूर तिच्यासाठी आहे. तो तिला वाचायला द्या, समजावून सांगू नका.

तर, तू. पहिली अडचण वेळेची आहे. तुझी चौथ्या सत्राची परीक्षा संपेपर्यंत शाळेला सुट्टी लागलेली असेल, आणि मग मुख्याध्यापक भेटणार नाहीत. म्हणून एप्रिलमध्येच, शाळा चालू असताना, मुख्याध्यापकांना भेट. एका पानाचा अर्ज ने. त्यात कोणत्या इयत्तेची मुलं, किती, कोणत्या तारखेपासून, किती वाजता, आणि कोणता वर्ग उघडून हवा, एवढंच लिही. शिपाई किंवा एखादे शिक्षक त्या वेळी आवारात असतील का, हे विचारून घे. मुलांच्या पालकांची लेखी संमती आणि फोन नंबर शाळेमार्फतच घे. शिकवणी शाळेच्या आवारातच ठेव, कोणाच्या घरी नको. वर्गाचं दार उघडं असू दे.

मुलं दहावीची घेऊ नकोस. निकाल लागल्यावर पुरवणी परीक्षेला बसणारी मुलं तुझ्याकडे पाठवली जातील. ‘तुझं गणित चांगलं आहे ना, एवढी चार पोरं पास कर’ असं गावात कोणीही म्हणेल. पुरवणी परीक्षा जूनअखेर किंवा जुलैत असते आणि त्या मुलांचं अख्खं वर्ष तिच्यावर अडकलेलं असतं. चाळीस-चाळीसच्या दोन पेपरांमधून कुठे गुण उचलायचे, काय सोडून द्यायचं, हे जुन्या जाणत्या शिक्षकाचं काम आहे. असे कोणी शिकवत असतील तर त्यांच्या शेजारी बसून बघ, वह्या तपासून दे. जबाबदारी अंगावर घेऊ नकोस. तू आठवीतून नववीत जाणारी आठ ते दहा मुलं घे. त्यांच्या डोक्यावर परीक्षा नसते. शिवाय नववीला गणिताची दोन पुस्तकं होतात, बीजगणित आणि भूमितीच्या वाटा वेगळ्या होतात, आणि आठवीपर्यंत झाकून राहिलेला कच्चेपणा तिथे उघडा पडतो. शाळेला ‘हुशार मुलं द्या’ म्हणू नकोस आणि ‘ढ मुलं द्या’ असंही म्हणू नकोस. हजेरीपटातली कुठलीही दहा मुलं चालतील.

बार्शीच्या मे महिन्यात दुपारी शिकवणं कोणालाच झेपणार नाही. सकाळी साडेसात ते पावणेनऊ, आठवड्याला पाच दिवस. शक्य असेल तर वर्गातली एक मैत्रीण सोबत घे. एकीने शिकवायचं, दुसरीने मागे बसून लिहायचं, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मागे बसणारीने ‘छान झालं’ असं लिहायचं नाही. कोणत्या मुलाला प्रश्न विचारला, त्याने काय उत्तर दिलं, तू किती वेळ थांबलीस, एवढंच लिहायचं. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. प्रश्न विचारल्यावर नवखे लोक सेकंदभरसुद्धा थांबत नाहीत. मनात पाचपर्यंत मोज. ती शांतता तुला असह्य वाटेल, मुलांना वाटत नाही. ती विचार करत असतात.

पहिल्या दिवशी शिकवू नकोस. दहा-बारा गणितांचा एक कागद दे, चाळीस मिनिटं, मार्क नाहीत, खाडाखोड चालेल. गणितं पाचवी ते आठवीची असू देत : ६१२ ÷ ६, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश, ०.३५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती; −७ + ३; ४० चे १५ टक्के; ३क्ष = १२; २(क्ष + ३) चा विस्तार; (अ + ब)² म्हणजे काय; आयताची परिमिती आणि क्षेत्रफळ. घरी नेऊन तपासताना बरोबर-चूक खुणा करू नकोस. प्रत्येक चुकीसमोर लिही की मुलाने काय विचार केला असावा. ६१२ ÷ ६ चं उत्तर १२ आलं तर भागाकार येत नाही असं म्हणून चालणार नाही. एकाला सहाने भाग जात नाही तेव्हा वर शून्य मांडायचं असतं, ते मांडलं गेलं नाही, एवढंच झालं आहे. ६०० ला सहाने भागून उत्तर १२ कसं येईल, असा अंदाज करायची सवय त्या मुलाला कोणी लावलेली नाही. ०.३५ मोठं म्हणणारं मूल ३५ आणि ५ बघतंय. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश याला एक पंचमांश उत्तर देणारं मूल वेगळं आणि दोन पंचमांश उत्तर देणारं वेगळं. दुसऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला असतो, आणि तो तसं अगदी आत्मविश्वासाने करतो.

३क्ष = १२ घे. दहांतली दोन-तीन मुलं क्ष = ९ लिहितील. ती निष्काळजी नाहीत. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम त्यांना क्ष + ३ = १२ वर शिकवला गेला, तिथे तो चालला, आणि तोच त्यांनी इथे प्रामाणिकपणे लावला. तू लगेच ‘इथे भागायचं’ म्हणालीस तर त्यांच्याकडे आणखी एक नियम साठेल आणि कोणता कधी लावायचा याचा गोंधळ वाढेल. त्याऐवजी त्या मुलाला ९ परत घालून बघायला सांग. तीन नव्वे सत्तावीस, बारा नाही, हे त्याला स्वतःला दिसू दे. मग ३क्ष म्हणजे काय ते लांबवून लिहायला सांग : क्ष + क्ष + क्ष = १२. बहुतेक मुलं इथे स्वतःच चार म्हणतात. त्याच बैठकीत क्ष भागिले ३ = १२ दे, म्हणजे पुन्हा नवीन नियम पाठ झालाय की अर्थ कळलाय ते समजेल. आणि चार दिवसांनी, मध्ये दुसरं काही शिकवून झाल्यावर, ५क्ष + ३ = १८ दे. लगेचच्या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस. चार दिवसांनंतरचं उत्तर खरं.

(अ + ब)² साठी चौकटीचा कागद वापर. सात चौकटींच्या बाजूचा चौरस काढायचा, प्रत्येक बाजू चार आणि तीन अशी विभागायची. सात सात एकोणपन्नास चौकटी. सोळा आणि नऊ मिळून पंचवीस. राहिलेल्या चोवीस कुठे आहेत, ते मुलांना बोट ठेवून दाखवायला सांग. चार गुणिले तीनचे दोन आयत त्यांनाच सापडतील. सूत्र त्यानंतर लिहायचं.

पंचाहत्तर मिनिटं साधारण अशी जाऊ देत. पहिली दहा कालच्या चिठ्ठ्यांवर. वीस मिनिटं एकच संबोध. पंचवीस मिनिटं मुलं जोडीने सोडवतील आणि तू खडू खाली ठेवून फिरशील. पंधरा मिनिटं एखादं मूल फळ्यावर समजावून सांगेल. शेवटची पाच मिनिटं एक गणित, कागदाच्या चिठ्ठीवर, जाता जाता तुझ्या हातात. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला होच उत्तर येतं. समजलं का ते चिठ्ठी सांगेल.

दुसऱ्या आठवड्यात हजेरी निम्म्यावर येईल. लग्नं असतील, मामाचं गाव असेल, जत्रा असेल. ते तुझं अपयश धरू नकोस. प्रत्येक दिवसाचा पाठ त्या दिवशी पुरा होईल असा आख, म्हणजे चार दिवसांनी परत आलेलं मूल वाऱ्यावर राहणार नाही. दुसरी हमखास चूक म्हणजे नववीची प्रकरणं पुढे काढून ठेवायचा मोह. पालक विचारतीलच, ‘किती झालं?’ त्यांना सांग की नववीचं पुस्तक शाळेत होईल, आपण अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरणं आणि थोडी भूमिती एवढंच करतोय. संच आणि वास्तव संख्या वाचून दाखवण्यापेक्षा याने त्यांच्या मुलांचं अधिक भलं होईल. तिसरी गोष्ट, दोन-तीन मुलांना तुझं बोलणं महिनाभर कळणारच नाही. एखाद्याचं कारण गणितात नसेलही, फळा दिसत नसेल किंवा वाचायला अडखळत असेल. मजकुराचं गणित त्याला मोठ्याने वाचायला सांगितलंस की कळेल. ते मुख्याध्यापकांच्या कानावर घाल.

जूनच्या मध्याला तुमच्याकडच्या शाळा उघडतात आणि कॉलेज बहुधा त्यानंतर. मधले हे आठ-दहा दिवस वाया घालवू नकोस. मुख्याध्यापकांची परवानगी काढून नववीच्या खऱ्या वर्गात मागच्या बाकावर बसून तास बघ. पन्नास-साठ मुलं, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी, गृहपाठ, सूचना. तुझी दहा मुलंही त्याच गर्दीत बसलेली असतील. त्यांच्यातलं कोण बोलतंय आणि कोण पुन्हा गप्प झालंय, ते टिपून ठेव. शिक्षकांचे दोष काढायला बसू नकोस. एवढ्या गर्दीत ते कोणत्या क्षणी कोणाकडे जातात, हे पाहायला बस.

नव्या अभ्यासक्रमात तुमच्याकडे क्षेत्र प्रकल्प, समाजकार्य किंवा इंटर्नशिपचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, आहेत. साधारण ३० तासांना एक श्रेयांक धरतात. सव्वा तासाच्या पंचवीस बैठका, तयारी आणि वर्गनिरीक्षण धरलं तर साठ तास सहज होतात. पण हे आधी विभागप्रमुखांशी बोलून मंजूर करून घ्यावं लागतं. जूनमध्ये अहवाल नेऊन दिला तर बहुतेक ठिकाणी चालत नाही. चुकांची वही मात्र श्रेयांक मिळोत न मिळोत, सांभाळून ठेव. बी.एड.ला पाठाचं टाचण काढताना ती कामाला येईल, आणि कुठल्याही शाळेतल्या मुलाखतीत ‘नववीच्या मुलांना काय जड जातं?’ या प्रश्नाला तुझ्याकडे खरी उत्तरं असतील.

तुला उच्च गणिताचीही ओढ असेल तर एमटीटीएसचं, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या ‘मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च’ या उपक्रमाचं, उन्हाळी शिबिर जरूर बघ. ते १९९३ पासून चालू आहे, चार आठवड्यांचं असतं आणि गणित कसं विचारायचं ते तिथे शिकवतात. तो शिकवण्याचा अनुभव नाही, पण शिक्षिका होणाऱ्या मुलीच्या फार कामाचा आहे. शाळेची मुलं आणि हे शिबिर दोन्ही एकाच मे महिन्यात बसणार नाहीत. अर्जाची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते, म्हणून पुढच्या वर्षीसाठी हिवाळ्यातच चौकशी कर. बी.एड.ची सीईटीही साधारण मार्च-एप्रिलमध्ये असते आणि शेवटच्या वर्षाला असतानाच देता येते. दोन्हींच्या तारखा एकाच कागदावर लिहून ठेव.

आणि बाबांना पायथन किंवा डेटा सायन्स शिकलेलं हवं असेल तर शिकून घे, जुलैनंतर, आठवड्याला चार-पाच तास. गणिताच्या शिक्षिकेला आलेख काढता येणं, निकालाची आकडेमोड करता येणं उपयोगाचंच आहे. फक्त सकाळी साडेसात ते पावणेनऊ ही वेळ यंदाच्या मे-जूनमध्ये दुसऱ्या कशाला देऊ नकोस.